निघावे की थांबावे? हिवाळी सहलीच्या शंका

नाताळची सुट्टी तोंडावर आली की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी पावसाची चौकशी करणारे वाचक बर्फ, धुके आणि थंडीच्या लाटेबद्दल विचारू लागतात. बहुतेकांनी तिकिटे दोन-तीन महिने आधी काढलेली असतात आणि त्या तारखांना हवा कशी असेल हे आजच कळावे, असे त्यांना वाटते. सोबत लहान मुले किंवा आई-वडील असले की असे वाटणारच. म्हणून उत्तरांआधी एक गोष्ट सांगून ठेवतो. रोजचे हवामान भरवशाने सांगता येते ते साधारण पाच ते सात दिवस आधी. त्यापुढच्या आठवड्यांचा कल हवामान खाते दर गुरुवारी जाहीर करते, पण तो कलच असतो. त्यावरून अमुक तारखेला अमुक गावी काय होईल हे काढता येत नाही. तेव्हा तिकीट कधीही काढा. निघण्याचा पक्का निर्णय मात्र शेवटच्या आठवड्यात घ्या.

‘आम्ही दोन कुटुंबे २४ ते २९ डिसेंबर मनालीला जाणार आहोत. सोबत सात आणि चार वर्षांची मुले आहेत. परवा मोबाइलवर एक व्हिडिओ आला. बोगद्याजवळच्या उतारावर गाड्या आपोआप घसरताहेत आणि ड्रायव्हर दार उघडून उड्या टाकताहेत. तेव्हापासून डोळ्याला डोळा लागलेला नाही. पैसे बुडाले तरी चालतील, बुकिंग रद्द करू का?’ — एक आई, कराड

असे प्रसंग खरोखर घडतात. डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात शेकडो गाड्या बर्फात अडकल्या होत्या आणि पोलिसांनी पर्यटकांना खाली आणले होते. मात्र अशा चित्रफिती दर हिवाळ्यात नव्याने फिरतात. तुमच्याकडे आलेली चित्रफीत कोणत्या वर्षाची आहे हे आधी पाहा. दुसरे म्हणजे, ती जागा मनाली शहरातली नाही. शहर सुमारे २,०५० मीटर उंचीवर आहे, तर बोगद्याची तोंडे ३,००० मीटरच्या वर. उंची हजार मीटरने वाढली की हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. त्यामुळे शहरात नुसता पाऊस असतो, त्या वेळी वर बर्फ साचत असतो.

हा बर्फ आणतात ते पश्चिमी झंझावात (भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे आपल्या उत्तर सीमेकडे सरकत येणाऱ्या वादळी प्रणाली). हिवाळ्यात महिन्याला असे चार-सहा येतात. सगळे जोरदार नसतात आणि जो जोरदार असतो त्याची चाहूल चार-पाच दिवस आधी लागते. म्हणून आज बुकिंग रद्द करू नका. निघण्याच्या आठवडाभर आधीपासून शिमल्याच्या हवामान केंद्राचा कुल्लू आणि लाहौल-स्पिती या दोन जिल्ह्यांचा अंदाज रोज पाहा.

खरी काळजी बर्फ पडून गेल्यानंतरची आहे. एकदा हिमाचलातच दुपारी चारच्या सुमाराला मी डांबरी रस्त्याच्या कडेने चालत होतो. रस्ता ओला होता, इतकेच. सूर्य डोंगराआड गेला, हवेत एकदम बोचरा गारवा आला आणि दहा-पंधरा मिनिटांत त्याच ओल्या रस्त्यावर माझा बूट काचेवरून सरकावा तसा सरकला. खाली वाकून हात लावला तेव्हा कळले, पाणी गोठले होते, पण दिसत होते काळेच डांबर. तिकडचे चालक याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात (डांबरावरचा पारदर्शक बर्फाचा पापुद्रा). यावर ब्रेक लागत नाही, तुमच्या चित्रफितीतल्या गाड्या अशाच घसरत असतात. म्हणून बोगद्याकडे ऊन चांगले वर आल्यावर जा आणि दुपारी दोन-अडीचला परत फिरा. गाडी स्थानिक चालकाचीच घ्या, चाकांना बांधायच्या साखळ्या गाडीत आहेत ना ते स्वतः पाहा. पोलिसांनी सोलंगच्या अलीकडे अडवले तर तिथूनच वळा. मुलांना बर्फ तिथेही खेळायला मिळेल. सहलीत एक दिवस काहीही न ठरवता मोकळा ठेवा, म्हणजे बर्फाच्या दिवशी खोलीत बसून राहता येईल.

‘टीव्हीवर “यलो अलर्ट” म्हटले की सासूबाई प्रवासच नको म्हणतात. पिवळा म्हणजे किती धोका?’ — एक वाचक, जळगाव

पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. हिरव्याला काही इशारा नसतो. पिवळ्या दिवशी प्रवास होतो, फक्त सकाळी एकदा ताजा अंदाज पाहायचा. नारंगीला घाटातला, डोंगरातला किंवा रात्रीचा प्रवास पुढे ढकलावा. लाल असेल तर मुक्कामाच्या जागीच थांबावे. सासूबाईंना एवढे सांगा की पिवळ्यात त्यांची काळजी बरोबर आहे, पण थांबायची वेळ अजून आलेली नाही.

‘आम्ही दोघे सत्तरीच्या पुढचे. नागपूरहून दिल्लीला विमानाने आणि त्याच संध्याकाळी हरिद्वारची रेल्वे, असे आरक्षण आहे. धुक्यात विमान उतरलेच नाही तर? आणि त्या धुक्यात ते उतरवतात तरी कसे? मला त्याचीच भीती वाटते.’ — निवृत्त शिक्षक, नागपूर

आधी भीतीचे बोलू. दिल्लीच्या विमानतळावर कॅट-थ्री यंत्रणा आहे (धावपट्टीवरून येणाऱ्या रेडिओ संकेतांच्या आधारे अतिशय कमी दृश्यमानतेत विमान उतरवण्याची सोय). धावपट्टी, विमान आणि वैमानिक हे तिन्ही त्यासाठी पात्र असतील तरच विमान उतरते. एकही कमी पडले तर ते आकाशात घिरट्या घालते किंवा जयपूर, लखनौसारख्या दुसऱ्या शहराकडे वळते. विमान वळवले म्हणजे काही बिनसले, असे प्रवाशांना वाटते. खरे तर ती सुरक्षिततेचीच खूण आहे. धुक्यात तुमच्या वेळेचा खोळंबा होईल, जिवाला घोर लावून घेऊ नका.

आता वेळेचे. उत्तरेतले हे धुके रात्री जमिनीवर तयार होते. रात्र लांब, आकाश निरभ्र, वारा पडलेला आणि जमीन ओली असली की मध्यरात्रीनंतर ते धरू लागते आणि पहाटे चार ते आठ सर्वांत दाट असते. हवामानशास्त्रात दृश्यमानता एक किलोमीटरच्या खाली गेली की धुके म्हणतात, दोनशे मीटरच्या खाली दाट आणि पन्नास मीटरच्या खाली अति दाट. पाऊस पडून आकाश मोकळे झाले की पुढच्या दोन-तीन रात्री विशेष जपाव्यात. बहुधा दहा-अकरापर्यंत धुके विरते. पण सकाळी खोळंबलेली विमाने दिवसभर एकमेकांना मागे ढकलतात आणि नागपूरहून दुपारी उडणारे तुमचे विमानही त्याच साखळीतले असू शकते.

तेव्हा माझा सल्ला स्पष्ट आहे. विमान आणि रेल्वे एकाच दिवशी ठेवू नका. दिल्लीत एक रात्र मुक्काम करा आणि हरिद्वारला दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीने जा. तुम्ही जिथून गाडीत बसणार त्या स्थानकावर रेल्वे तीन तासांपेक्षा जास्त उशिरा असेल आणि तुम्हाला जायचे नसेल, तर पूर्ण पैसे परत मिळतात. त्यासाठी गाडी प्रत्यक्ष सुटण्यापूर्वी टीडीआर (परताव्याचा अर्ज) भरावा लागतो. हा एक नियम माहीत नसल्याने पुष्कळांचे पैसे जातात. विमान हवामानामुळे रद्द झाले तर पैसे परत किंवा दुसरे विमान यातले एक तुम्ही निवडू शकता. नुकसानभरपाई मात्र हवामानाच्या कारणासाठी मिळत नाही. औषधे चार दिवस जास्तीची घ्या आणि ती हातातल्या पिशवीतच ठेवा. दोघांपैकी कुणाला दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल, तर निघण्यापूर्वी छातीच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय जाऊ नका. दिल्लीचे धुके धुरात मिसळलेले असते.

‘महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठले अशी बातमी वाचली. त्याच दिवशी हवामान खात्याने तिथले किमान तापमान नऊ अंश सांगितले. नऊ अंशांना पाणी कसे गोठेल? कुणावर विश्वास ठेवायचा? आमची नात आठ महिन्यांची आहे, तिला न्यावे की नाही?’ — एक आजोबा, सांगली

दोघेही खरे बोलताहेत. हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर, पांढऱ्या लाकडी जाळीदार पेटीत, सावलीत असतो. दव मात्र गवताच्या टोकावर पडते. शिकाऊ असताना पुण्यात शेतकी कॉलेजच्या आवारातल्या वेधशाळेत पहाटे साडेपाचला विजेरी घेऊन मी नोंदी घेत असे. तिथे एक तापमापक गवतावर आडवा ठेवलेला असे, पाती त्याच्या काचेला लागत. पेटीतला पारा नऊवर आणि गवतावरचा चारवर, हे मी कितीदा तरी लिहून घेतले आहे. स्वच्छ, निवांत रात्री जमीन आपली उष्णता आकाशाकडे सोडत राहते आणि सर्वांत आधी तीच गार पडते. त्यातून वेण्णा तलाव खोलगट भागात, आजूबाजूच्या उतारांवरची जड, गार हवा रात्रभर तिथेच येऊन साचते. म्हणून हिमकण तलावाकाठी आणि लिंगमळ्याच्या बाजूला दिसतात. बाजारपेठेत दिसत नाहीत. स्ट्रॉबेरीवाले अशा रात्री रोपे झाकून ठेवतात ती याचसाठी.

आणखी एक गंमत सांगतो. डिसेंबर-जानेवारीत पुणे किंवा निफाड महाबळेश्वरपेक्षा गार असल्याच्या बातम्या येतात, त्याही खऱ्या असतात. याला तापमानाचे व्युत्क्रमण म्हणतात (वर जाताना हवा गार होण्याऐवजी काही उंचीपर्यंत ऊबदार होत जाणे). नातीला न्यायला हरकत नाही. पहाटे हिमकण पाहायला तिला बाहेर काढू नका, ऊन आल्यावर काढा. कानटोपी आणि सुती झबल्यावर दोन पातळ लोकरी कपडे हे एका जाड स्वेटरपेक्षा बरे. ती वेळेआधी जन्मलेली असेल किंवा तिला सर्दी-खोकला असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

‘ला निनामुळे शतकातली सर्वांत भयंकर थंडी पडणार असे एका चॅनेलने सांगितले. खरे का?’ — एक वाचक, नाशिक

ला निना (प्रशांत महासागराच्या विषुववृत्तीय मध्य-पूर्व भागातले पाणी सरासरीपेक्षा थंड होणे) आणि आपली थंडी यांचा संबंध आहे, पण तो सैल आहे. त्यावरून ‘शतकातली’ असे म्हणता येत नाही. महाराष्ट्रातली थंडी रोजच्या वाऱ्यावर ठरते. उत्तरेकडून कोरडा वारा आला की निफाडला पारा झपाट्याने उतरतो. बंगालच्या उपसागराकडून ओलसर वारा आला की ढग येतात आणि एका रात्रीत थंडी गायब होते. विक्रमच पाहायचे तर पुण्यात जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंश आणि मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंश नोंदले गेले. नागपूरचा ३.५ अंश मात्र अलीकडचा, २९ डिसेंबर २०१८ चा. ‘भयंकर’ हा शब्द अंदाजात कुठेच नसतो. तिथे ‘थंडीची लाट’ असते आणि तिला मोजमाप आहे. आपल्यासारख्या सपाट प्रदेशात पारा दहा किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा किमान साडेचार अंशांनी उतरलेला असला, म्हणजे लाट म्हणायची.

‘रामेश्वर-कन्याकुमारीची यात्रा ठरली आहे. फोनवर पुढचे पंधराही दिवस ढग आणि थेंब दाखवताहेत. डिसेंबरात पाऊस कसा? आईचा नवस आहे, रद्द करवत नाही.’ — एक भगिनी, सोलापूर

आपला पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात परततो, तेव्हा तमिळनाडूचा सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे (हिवाळ्यात उपसागरावरून ईशान्येकडून वाहणारे वारे) ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे पाऊस देतात. त्यामुळे डिसेंबरात तिथे सरी येणे हे नेहमीचे आहे. फोनवरचा थेंब म्हणजे त्या दिवशी कधीतरी पाऊस पडण्याची शक्यता. तो दिवसभर कोसळेल असे त्यातून निघत नाही, आणि सातव्या दिवसानंतरच्या थेंबांना तर फार महत्त्व देऊ नका.

मात्र या भागात क्वचित फार मोठा पाऊस होतो. १७-१८ डिसेंबर २०२३ ला तूतुकुडी जिल्ह्यात कायलपट्टिनम येथे २४ तासांत सुमारे ९५ सेंटीमीटर पाऊस झाला. तिरुनेलवेली, तूतुकुडी पाण्याखाली गेले आणि श्रीवैकुंठम स्थानकात एका रेल्वेगाडीत शेकडो प्रवासी अडकून पडले. म्हणून निघण्याच्या चार दिवस आधीपासून चेन्नईच्या प्रादेशिक हवामान केंद्राचा जिल्हावार इशारा पाहा. उपसागराच्या नैऋत्य भागात किंवा कन्याकुमारीजवळ कमी दाबाचे क्षेत्र होण्याचा उल्लेख असेल आणि त्या जिल्ह्यांना नारंगी किंवा लाल रंग असेल, तर दोन-तीन दिवस उशिरा निघा. समुद्र खवळलेला असला की विवेकानंद स्मारकाची बोट बंद ठेवतात. तेव्हा आईंना आधीच सांगा की कन्याकुमारीला एक दिवस जास्त लागू शकेल. नवस रद्द करण्याचे कारण मला दिसत नाही.

‘यजमानांची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली. मुलाने गुलमर्गचे बुकिंग केले आहे. थंडी किती असेल? हृदयाला झेपेल का?’ — एक पत्नी, ठाणे

पहिल्या प्रश्नाचे उत्तर देतो. २१ डिसेंबरपासून काश्मीरमध्ये चिल्लई कलान सुरू होतो (चाळीस दिवसांचा कडाक्याच्या थंडीचा काळ). श्रीनगरला रात्री पारा उणे चार-पाचपर्यंत उतरणे त्यात सर्रास, नळाचे पाणीही गोठते. गुलमर्ग सुमारे २,६५० मीटरवर आहे, तिथे रात्री आणखी कडक. तिथल्या गंडोल्याचा (दोरावरून डोंगरावर नेणारा पाळणा) दुसरा टप्पा ३,९०० मीटरच्याही वर नेतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देऊ नये. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, उंचीवर प्राणवायू कमी मिळतो, एवढे मला माहीत आहे. ते यजमानांना कितपत सोसेल हे त्यांचे हृदयरोगतज्ज्ञच तपासून सांगतील. त्यांना नुसते ‘काश्मीरला जातोय’ असे सांगू नका, गुलमर्गची आणि गंडोल्याच्या दोन्ही टप्प्यांची उंची सांगा. त्यांनी नाही म्हटले तर बाकीच्यांनी गुलमर्गला जावे, तुम्ही दोघांनी श्रीनगरला हाउसबोटीत थांबावे. मुलाने प्रेमाने केलेले बुकिंग आहे, ही अडचण त्याच्याशी मोकळेपणाने बोला.

‘मागच्या वर्षी होमस्टेच्या मालकाने रात्री खोलीत निखाऱ्यांची शेगडी आणून ठेवली. सकाळी आम्हा चौघांचीही डोकी जड होती. थंडीमुळेच ना?’ — एक वाचक, अहिल्यानगर

थंडीमुळे नसावे. बंद खोलीत कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो (रंग-वास नसलेला विषारी वायू). त्याने आधी डोके दुखते, मळमळते, मग झोप येते आणि माणूस उठत नाही. चौघांनाही एकदमच त्रास झाला, ही त्याची ठळक खूण आहे. तुम्ही सकाळी उठलात याचा मला मनापासून आनंद आहे. यंदा शेगडी झोपण्यापूर्वी खोलीबाहेर काढायला लावा आणि जादा पांघरूण मागून घ्या. न्हाणीघरात गॅसचा गीझर असेल तर खिडकी उघडी ठेवा. गाडी बर्फात अडकली तर धुराड्याच्या नळीपुढचा बर्फ काढल्याशिवाय इंजिन चालू ठेवू नका. पुन्हा अशी लक्षणे दिसली तर सगळ्यांनी लगेच उघड्यावर यायचे आणि १०८ किंवा ११२ ला फोन करून रुग्णालयात जायचे, बरे वाटले तरीही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर या विषबाधेत आकडा चांगलाच दाखवते, त्यावर विसंबू नका.

‘मुलगा ३१ डिसेंबरच्या रात्री मित्रांसोबत नागपूरहून समृद्धी महामार्गाने गाडी घेऊन निघणार आहे. “रस्ता सरळ आहे बाबा” म्हणतो. मला मात्र धुक्याची भीती वाटते.’ — एक वडील, छत्रपती संभाजीनगर

तुमची भीती योग्य आहे आणि तिच्यामागे साधे गणित आहे. ताशी शंभर किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे अठ्ठावीस मीटर जाते. पन्नास मीटर पुढचे दिसत असेल, तर उभ्या ट्रकपर्यंत पोचायला दोन सेकंदही लागत नाहीत. ट्रक दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद जातो. रस्ता सरळ असल्याने हे बदलत नाही, उलट वेगाचे भान सुटते. मोकळ्या माळावर, नदी-नाल्यांच्या पुलांजवळ धुक्याचे पट्टे अचानक लागतात. आधी सगळे स्वच्छ आणि पुढच्या क्षणी पांढरी भिंत.

मुलाला रागावू नका, हे गणित त्याच्यापुढे मांडा. एक तारखेला सकाळी नऊनंतर निघाला तर सर्वांत चांगले. रात्रीच निघायचे असेल तर पहाटे तीन ते आठ गाडी थांबवून ठेवावी. रस्त्याच्या कडेला नव्हे, पेट्रोल पंपाच्या आवारात. धुक्यात दिव्यांचा झोत खालीच ठेवायचा, वरचा झोत धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चालत्या गाडीचे चारही इंडिकेटर लावू नयेत, मागच्याला गाडी उभी आहे असे वाटते. आणि त्याला सांगा, उशीर झाला तर पहाटे फोन करून उठव, मी जागाच असेन.

‘आम्ही गोव्याला चाललो आहोत. चक्रीवादळ येईल का?’ — एक वाचक, बेळगाव

डिसेंबराच्या अखेरीस अरबी समुद्रात आपल्या किनाऱ्याकडे वादळ येणे फार क्वचित. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी आले होते. ५ तारखेला मुंबईतल्या शाळांना सुट्टी दिली गेली आणि किनाऱ्याला पोचेपर्यंत ते बरेच दुबळे झाले होते. या दिवसांत गोव्यात दुपारी बत्तीस-तेहतीस अंश आणि पहाटे वीसच्या आसपास, कोरडी हवा असते. पोहताना जीवरक्षकांनी लावलेला लाल झेंडा मात्र पाळा, आकाश निरभ्र असले तरी. अंबोली किंवा चोर्ला घाटातून जाणार असाल तर उजाडल्यावर निघा.